लाइट पाच वेळा लुकलुकली

आता हे तुम्हाला सांगावं की गिळून टाकावं, तेच मला ठरवता येईना. पण माझ्या माहेरी, अर्ध्या उमापूरला माहीत झालेली फजिती तुमच्यापासून लपवून करू काय? ऐका तर.

एक गोष्ट आधीच सांगते. मी कमी बोलते. लग्नाला पाच महिने झाले, पण सासरी, तेलगावात, माझा आवाज ओळखणारी माणसं मोजून तीन: आमचे हे, सासूबाई आणि सासरे. सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे, "सूनबाई बोलत न्हाई. पण बोलली की खरंच असतंय." हे वाक्य लक्षात ठेवा. ह्यानंच माझा घात केला.

झालं असं, की आमच्या ह्यांनी बीडच्या एका दुकानातून गाडीला रिमोट स्टार्टर बसवून आणला. म्हणजे आपण घरात बसून बटण दाबायचं आणि बाहेर गाडी आपोआप चालू!

"कावून?" मामांनी विचारलं. "किल्ली पिळायला मनगट दुखायलंय का तुजं?"

"तसं न्हाई, अण्णा," हे वडिलांना म्हणाले. "उन्हात गाडीची भट्टी होती. आधीच एसी लावून ठेवला की बसायला थंडगार."

"मग सावलीत लाव की!"

ह्यांनी उत्तर म्हणून सरळ बटणच दाबलं. बाहेर रिकामी गाडी गुरगुरली. तिच्या सावलीत झोपलेलं कुत्रं जे पळालं, ते दोन दिवस गल्लीत दिसलं नाही.

मी त्याच दिवशी माहेरी फोन लावला. कमी बोलणारी माणसं माहेरी फोन लागला की किती बोलतात, ते कुणी मोजत नाही म्हणून बरं. "दादा, आमची गाडी नुसतं म्हणलं की चालू होते!" असं मी भावाला सांगितलं. दादानं ते पारावर सांगितलं. झालं!

इकडं सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, वेगळ्याच काळजीत. "रिकामी गाडी आपोआप चालू होती म्हणल्यावर नजर लागणार न्हाई तर काय? शनवारी लिंबू-मिरची बांध."

हे आतून ओरडले, "माज्या गाडीला लिंबू-मिरची दिसली तर बघा! भाजीचा गाडा हाय का तो?"

आत्याबाईंनी आवाज खाली केला. "मग आतून बांध. त्या झाकणाखाली. कुणाला दिसतंय?"

आता मी बी.एस्सी. फिजिक्सवाली. नजरबिजर मला पटत नाही. पण पाच महिन्यांच्या सुनेला काय पटतं, हे कोण विचारतंय? बॉनेट कसं उघडायचं त्याचा मी व्हिडिओ बघितला. शनिवारी पहाटे हे झोपलेले असताना बॉनेट उघडलं. आत कडेलाच बोटाएवढी काळी खुंटी दिसली. अगदी लिंबू बांधायलाच कुणीतरी मुद्दाम बसवल्यासारखी! दोऱ्याचे दोन वेढे दिले, गाठ मारली, बॉनेट लावलं.

त्या दिवसापासून रिमोट रुसला. कधी चालायचा, कधी नाही.

"बघ!" आत्याबाई म्हणाल्या. "लागलीच की नजर. एका लिंबानं भागत न्हाई म्हणायचं."

पुढच्या शनिवारी आम्हाला उमापूरला जायचं होतं. धोंड्याचा महिना, जावयाचा पहिला धोंडा. निघायच्या आधी पहाटे मी त्याच खुंटीवर दुसरं लिंबू चढवलं.

"मागचं काढू का?" मी हळूच विचारलं.

"राहू दे. दोन असले तर दुप्पट गुण."

ह्या वेळी बॉनेट जरा आपटूनच लावावं लागलं. लागलं मात्र पक्कं.

निघताना रिमोट चालेना. मामा ओट्यावरून बघत होते. "पाव्हण्यांच्या दारात बी असंच झालं तर सोमवारी ते डबडं काढून टाकायचं. हसं करून घिऊ नको." ह्यांचा चेहरा उतरला. किल्लीनंच गाडी काढली. माजलगाव ओलांडल्यावर ह्यांना दोन शिंका आल्या. "सर्दी झाली का?" मी विचारलं. निरागसपणे हो!

उमापूरला धोंडे झाले, ताटभर अनारसे झाले, ओवाळून झालं. ह्यांनी पान तोंडात टाकलं आणि दादा म्हणाला, "दाजी, आता दाखवा बरं ती जादू."

बाहेर बघते तर अर्धी गल्ली जमलेली! पारावरची म्हातारी माणसंसुद्धा खुर्च्या घेऊन आलेली. हे सगळं कुणाच्या फोनमुळं? नाव घेत नाही.

ह्यांनी झोकात हात वर केला, बटण दाबलं. गाडी ढिम्म. नुसत्या लाइट लुकलुकल्या.

परत दाबलं. परत तेच.

"आमाला डोळा मारायली का काय?" माझे काका म्हणाले. सगळे हसले. ह्यांचे कान लाल झाले.

ह्यांनी रिमोट बसवून देणाऱ्या फिटर अन्वरभाईंना फोन लावला, स्पीकरवर.

"भैय्या, लाइट कितने बार मारी? जितने बार, उतने नंबर की गलती."

"पाच."

"पाच? तो बॉनेट खुल्ला हाय."

"न्हाई हो, लागलंय की."

"फिर बी उघडून बगा एकदा."

हे बॉनेटकडं निघाले. माहेरच्या अख्ख्या गल्लीसमोर ती दोन लिंबं निघणार? आणि अख्ख्या दिवसात पहिल्यांदा, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी बोलले:

"मी सकाळीच बघितलंय. पक्कं लागलंय ते."

हे जागीच थांबले. "अन्वरभाई, बॉनेटचं सोडा. हिनं बघितलंय. ही उगाच बोलत न्हाई."

"भाबी बोलल्या तर मग तुमी मोजायला चुकले. नीट गिनो."

आणि मग काय विचारता! भर उन्हात लाइट नीट दिसेनात, म्हणून आईची सतरंजी आणून गाडीच्या तोंडावर धरली. तिच्याखाली डोकं घालून दादा आणि काका मोजायला बसले.

"चार!" काका.

"सहा, काका!"

"सहा कशाच्या, बे? तुजी एक पापणी लवली ती बी धरली का?"

चार म्हणजे हँडब्रेक, अन्वरभाई म्हणाले. तो ओढून झाला. सहा म्हणजे ब्रेकचं पेडल. त्याच्याखाली वाकून बघून झालं. गियर हलवून झाला. रिमोटमधला सेल बदलला. पाचही दरवाजे आपटून झाले. पाच कुणाला मान्यच नव्हते, कारण पाचच्या विरुद्ध माझा शब्द होता ना!

मधेच अन्वरभाई सहज म्हणाले, "बॉनेट के अंदर एक काली पिन रैती. वो दबनी मंगता. ती दबली न्हाई तर गाडीला वाटतं बॉनेट उघडंच हाय. पर भाबी ने देखा हाय, तो ठीक."

काळी पिन.

खुंटी नव्हती ती! स्विच होता! दाबला की जोडला जाणारा, सुटला की तुटणारा. तीन वर्षं फिजिक्स शिकले मी, आणि त्या स्विचला दोऱ्यानं करकचून बांधून आले! दबणार कसा तो? तेव्हाच सांगायला हवं होतं, बरोबर ना? पण घामानं थबथबलेल्या ह्यांच्याकडं बघितलं आणि मी आत जाऊन सगळ्यांसाठी पाणी आणलं. पाणी!

शेवटी अन्वरभाई म्हणाले, "बॅटरी डाउन असंल. किल्लीनं चालू करून अर्धा तास ठेवा."

गाडी चालू केली, एसी लावला. हे आणि काका गारव्याला आत बसले. दहा मिनिटं गेली. आधी काका खोकले. मग हे. मग दोघंही दार उघडून बाहेर पडले, डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द नाही. मागोमाग सतरंजीवाला दादा ठसकला, मग खुर्च्यांची पहिली रांग.

"कुणी फोडणी घातली का काय?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं. "इतक्या मिरच्या कशाला टाकायल्या?"

"जळायलंय काहीतरी!" म्हणत दादानं गाडी बंद केली आणि कुणी अडवायच्या आत बॉनेट उघडलं.

काळ्या पिनेला दोऱ्यांची मोठी गुंडी. तिला एक सुकलेलं लिंबू, एक ताजं. वाळलेल्या चार-पाच मिरच्या तुटून इंजिनावर पडलेल्या, मस्त भाजत होत्या.

चालूच असलेल्या फोनमधून अन्वरभाई ओरडले, "क्या मिला, भैय्या?"

"लिंबू," हे म्हणाले.

"क्या?"

"लिंबू-मिरची. दोन जोड. पिनेला बांधलेत."

फोनमधून उत्तर आलं, "भैय्या, ये गलती का मेरे पास नंबर नै."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू सकाळी बघितलं होतंस ना?"

"बघितलं होतं," मी म्हणाले. "बांधल्यावर."

गल्ली जी हसली, ती हसलीच! काका तर बॉनेटला टेकून हसले आणि हात भाजून घेतला. दादानं दोरा कापला, ह्यांनी बॉनेट लावून बटण दाबलं. गाडी पहिल्या दमात चालू! टाळ्या पडल्या. हे पण हसत होते, पण टाळ्या लिंबाला होत्या हे त्यांनाही कळत होतं.

संध्याकाळी आत्याबाईंचा फोन. "चालू झाली का गं, चारचौघांत?"

"झाली."

"बघ! म्हणलं नव्हतं मी? लिंबाचा गुण!"

म्हटलं, मिटलं.

पण ह्यांनी घरी पोचल्यावर मामांना सगळं साग्रसंगीत सांगितलं. मामा हसले नाहीत. नुसती मान हलवली. रिमोट गाडीला तसाच राहिला, पण दुसऱ्या दिवशी पाहुणे आले तेव्हा मामांचं ते वाक्य थोडं बदललेलं मी चहा देताना माझ्या कानांनी ऐकलं:

"सूनबाई बोलत न्हाई. आन बोलली, की आदी बॉनेट उघडून बघावं."