राणीच्या पत्राचे उत्तर

स्टुलावर बसण्यापूर्वी तो खांद्यावर नसलेला पदर सारखा करी आणि म्हणे, "मास्तर, लिवा. पण वाचून दाखवा."

लालबागच्या टपाल कचेरीसमोर माझे अर्ज लिहिण्याचे मेज होते. तो गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवी. अंगठेबहाद्दर खरा, परंतु गिरणीच्या नाटक मंडळीत राणीची भूमिका त्याच्याखेरीज कोणास दिली जात नसे. नाटक जुने, शोकान्त. संशयी राजा राणीला कोंडून ठेवतो. दिवा विझण्यापूर्वी या, असे पत्र ती धाडते. राजा ते न उघडताच कमरेला खोचतो आणि वाचतो तेव्हा ती गेलेली असते. मग तो पत्र दिव्यावर धरून जाळतो. त्यामुळे प्रत्येक प्रयोगास नवे पत्र लागे.

कोरा कागदही जळतोच की, राणीसाहेब, अशी मंडळी त्याची थट्टा करीत. तो शांतपणे सांगे, "कोरा कागद राजाला कळतो."

वाचकहो, हजारो अर्ज लिहिल्याच्या अधिकाराने सांगतो, त्या नाटकातील प्रेम म्हणजे अर्जच होय. एकाने विनवावे आणि दुसऱ्याने ते वेळेत पाहू नये.

आमच्या धंद्याचा रिवाज असा की, लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवावे, 'कबूल?' असे विचारावे आणि मगच शाईच्या गादीवर अंगठा टेकवून घ्यावा. नाटकातल्या पत्रास अंगठ्याची गरज नव्हती. तो मात्र हटकून उमटवी. साच्यात चिरलेला त्याचा अंगठा, मधोमध आडवी पांढरी रेघ सोडणारा, मी कोठेही ओळखला असता. मी वाचू लागलो की त्याचे ओठ माझ्या एक शब्द पुढे चालत. आवाज बारीक होई. तो रंगभूमीवरचा आवाज नव्हे. ती कोणा आजारी बाईची धाप होती. भर दुपारी अंगावर काटा येई.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली आणि प्रयोग रद्द झाले. तरीही तो आला. त्या दिवशी त्याने पदर सारखा केला नाही.

"आज राजाचं उत्तर लिवा."

नाटकात उत्तर नाही, मी म्हणालो. शिवाय अर्ज लिहिणाऱ्याने त्यावरील हुकूमही लिहू नये, हा माझा कटाक्ष मी त्यास सविस्तर ऐकवला.

त्याने ऐकून घेतले. मग सांगितले की, मागे गावी बायको आजारी पडली, तेव्हा तिने कोणाकडून तरी लिहवून बोलावणे धाडले होते. तालमी चालू होत्या. ते पत्र चार दिवस त्याच्या खिशात राहिले. वाचून घेण्यास सवड झाली नाही. पोचला तेव्हा चिता विझली होती.

"राणी ती होती, मास्तर. मी राजा."

मला नियम मोठा वाटला. उद्या पाहू, म्हणालो. त्याच संध्याकाळी मोर्च्याच्या गर्दीत गोळी लागून तो गेला.

तेराव्या दिवशी दुपारी मी ते उत्तर लिहावयास बसलो. एवढी वर्षे लेखणी चालवूनही एकच ओळ उतरली: निघालो आहे, दिवा विझू देऊ नकोस. रिकाम्या स्टुलासमोर ती मोठ्याने वाचली, "कबूल?" असे सवयीने विचारले आणि गादी पुढे सरकवून चष्मा पुसू लागलो.

चष्मा लावला तेव्हा कागदाच्या तळाशी ओला अंगठा उमटलेला होता. मी चीर शोधली. चीर नव्हती. ठसा लहान होता, नाजूक, बाईमाणसाचा.

मग टपालाच्या पोचपावतीच्या रिवाजाप्रमाणे त्याखाली लिहिले, 'पोचले.'