पुजाऱ्याच्या पोटातील जाळी

भगवान शंकराच्या चरणी मस्तक ठेवून लिहितो. आज महाशिवरात्रीचा अभिषेक माझ्या धाकट्या भावाने स्वतः विहिरीचे पाणी शेंदून केला. त्या पाण्यामागे आमच्या गावच्या शहाण्यांची जी कथा आहे, ती सांगण्यास हाच दिवस उचित वाटतो.

दुष्काळाचे वर्ष होते. धर्मापुरीच्या वाटेवरील आमच्या गावातील शिवालयाची पूजा भावाकडे होती. त्याच्या आतड्यात गाठ निघाली आणि पोट उघडणे अटळ ठरले. शहरातील सर्जनने समजावून सांगितले की खोल विहिरीतून रोज घागरी ओढणाऱ्याच्या पोटाची भिंत शिवलेल्या जागी कमजोर पडते, आतडे तेथून बाहेर डोकावू लागते, त्यालाच हर्निया म्हणतात. शिवतानाच प्लास्टिकच्या धाग्यांची बारीक जाळी बसवून घेतली तर ती भीती पुष्कळ कमी होते. जाळीला जंतुसंसर्ग होण्याचा थोडा धोकाही त्यांनी लपवला नाही. भाऊ राजी झाला.

परंतु आमच्याकडे दूध सोसायटीच्या संमतीवाचून कोणाचे पानही हलत नाही. मंदिराची समितीही तीच माणसे. सकाळी दुधाचा फॅट मोजतात, सायंकाळी धर्म. संकलन केंद्रात पालथ्या कॅनांवर बसून त्यांनी माझ्या भावाच्या पोटाविषयी ठराव केला. शास्त्री म्हणून मलाही बोलावणे होते, अर्थात केवळ मान डोलावण्यासाठी.

चेअरमन म्हणाले, "गुरुजी, पोटात प्लास्टिक घेऊन पिंडीला हात लावायचा व्हय? आमाला न्हाई चालायचं."

मी शांतपणे विचारले, "जीप उलटली तेव्हा तुमच्या मांडीत पोलादी सळई बसवली. श्रावणी सोमवारी अभिषेकाला येताना ती घरी काढून ठेवता काय?"

"ते लोखंड हाय, गुरुजी. महादेवाचा त्रिशूळ बी लोखंडाचाच."

सर्वांनी माना डोलावल्या. उभे आयुष्य न्यायशास्त्रात घालवूनही असा युक्तिवाद मला सुचला नसता, हे मान्य केलेच पाहिजे.

मी भावाला ठराव धुडकावण्यास सांगितले. तो एवढेच म्हणाला, "दादा, पूजा गेली तर मी कोण?" त्याने जाळीवाचून पोट शिवून घेतले.

पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचे पाणी तळाला गेले, दोर लांबला आणि टाक्यांच्या जागी फुगवटा आला. तेव्हा याच धर्मरक्षकांनी, ज्याला वाकता येत नाही तो पुजारी नको, असे ठरवले. चेअरमनच्या पाहुण्यांतला एक धट्टाकट्टा तरुण नेमला गेला. त्याने विहिरीत डोकावून पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी तो उगवलाच नाही. त्यानंतरही कोणी पुढे आला नाही. देवाची पिंडी कोरडी राहू लागली.

भावाने पुन्हा पोट उघडून घेतले, या वेळी जाळीसह. सर्जनने ओझे उचलण्याची मोकळीक दिल्यावर तो मंदिराच्या दारात आला आणि बाहेरच थांबला. आत जाऊ देतील की नाही, याची त्याला खात्री नव्हती. चेअरमनने स्वतः घागर त्याच्या हाती दिली.

"चला महाराज, देव तहानलाय."

प्लास्टिकचा उच्चार कोणी केला नाही. तो ठराव अद्याप रद्द झालेला नाही. केवळ विहीर खोल आहे.

वाचकहो, शंभू आपले आणि आपल्या घरच्यांचे रक्षण करो. घरातील कोणाचे पोट उघडण्याची वेळ न येवो. आलीच, तर सल्ला देणारा पोटाचा जाणकार असो, आणि आपल्या देवघरातील पाणी कधी न आटो.