डाव्या हाताचं अंगण

शेणाला नावं ठेवणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. शेणाला मार्क देणारा माणूस मात्र अख्ख्या जर्मनीत एकच आहे, आणि तो नेमका माझ्या सासरचा निघावा हे माझं नशीब! नात्यानं ते माझे चुलत दीर. झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या डिझाईन करतात. दार किती अंशात उघडावं यावर मिटिंगमध्ये तावातावानं भांडणारा हा गृहस्थ शनिवार उजाडला की बादली घेऊन आमच्या दारात उभा. "वहिनी, तुमची गाडी काढता का? माझ्या गाडीला अजून वास आहे."

भावजींना चित्र काढायचंय. पण कागद, रंग, ब्रश असं चारचौघांसारखं नाही. मोठ्या लाकडी फळीवर माती आणि शेणानं सारवून त्यांना लहानपणचं अंगण करायचंय. गावचं घर रस्तारुंदीत गेलं, आई त्याच्याही आधी गेली, आणि अंगणाचा एकही फोटो नाही. अंगणाचा फोटो काढतो कोण? फोटोत माणसं उभी राहतात, अंगण त्यांच्या पायाखाली. "आईच्या बोटांचे फराटे, वहिनी. एकात एक अर्धगोल. तेवढे जमले पाहिजेत," म्हणतात. ऐकून माझाही जीव कळवळतो, पण तो पुढची बादली दिसेपर्यंतच.

त्यांच्याबरोबर फिरायला जायची सोय उरली नाही. लोक रानातली झाडं बघतात, डोंगर बघतात. हे गायीची मागची बाजू बघतात. "हिला मुरवलेला चारा घालतात. पातळ आणि आंबूस. दहात तीन!" शेवटी गवतावर चरणाऱ्या गायींचा एक गोठा सापडला. तिथल्या शेतकरीणबाईंनी विचारलं, बागेसाठी नेताय का? भावजी छाती काढून म्हणाले, "नाइन, कुन्स्ट!" म्हणजे कला. बाई जरा मागेच सरकल्या. मी गाडीत तोंड लपवून बसले होते.

स्वतःच्या इमारतीतल्या लोकांनी केलरमधून, म्हणजे तळघरातून, हाकलल्यावर हा संसार आमच्या केलरमध्ये आला. आमचे हे म्हणाले, "असू दे गं, तेवढाच त्याला विरंगुळा." ह्यांचं काय जातंय? इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमायस्टरला तोंड मी देते! वास कसला म्हणून विचारायला आला, तर मी ठोकून दिलं, आयुर्वेद. तेव्हापासून तो मला आदरानं नमस्कार करतो. माझी लेक मराठी समजते पण उत्तर जर्मनमध्येच देते, ती "इगिट!" म्हणून नाक दाबून पळते.

एवढं करून फराटा जमेल तर शपथ! भावजींनी आईची उंची आठवून तिच्या हाताची लांबी काढली, कॉम्प्युटरवर कंस आखले, त्याबरहुकूम सारवलं. वाळल्यावर लांबून बघितलं. "आल्झो, म्हणजे त्रिज्या बरोबर आहे. पण हे आईचं नाही." की पुन्हा खरवडून पहिल्यापासून.

मागच्या महिन्यात एका शनिवारी मी त्यांना जेवायला बोलवायला खाली गेले. उजव्या हातात फोन, फोनवर सासूबाई. वर आमटी निवत होती आणि हे फळीच्या एका कोपऱ्याशी कंपास घेऊन बसलेले. माझं डोकंच फिरलं. "अहो, किती तो घोळ! एवढासा तर कोपरा आहे!" म्हणत मी डाव्या हातानं शेणाचा गोळा उचलला आणि फर्रकन फिरवला.

भावजी बघतच राहिले. मला वाटलं, आता रागावणार. पण ते रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर बसले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, आई डावखुरी होती."

जेवायला, वाढायला, पूजेला, सगळ्याला आजीनं तिला उजवा हात लावायला लावला होता. शेणाला तेवढा डावा चालायचा. "मी विसरलोच होतो हो," म्हणाले. माझे डोळे भरून आले, आणि पुसायला हात होता कुठे? एकात फोन, एकात शेण!

आता ते डाव्या हातानं सारवायला शिकलेत. काल फळी पुरी झाली, भिंतीला टेकवून ठेवली. मी बटाटे आणायला खाली उतरले, तर केवढ्यानं ओरडले, "थांबा, थांबा! ओलं आहे अजून, पाय नका देऊ!"

भिंतीला लावलेल्या अंगणावर पाय देणार कोण, असं अगदी तोंडावर आलं होतं माझ्या. पण मी चपला काढल्या आणि कडेकडेनं गेले.