भिवामामांनी नाकारलेला टॉवर

टॉवरवर चढण्याआधी भिवामामा पान्याने त्याच्या चारही पायांवर ठोकत. एकेका सांध्यावर एकच ठोका, मग कान देऊन थांबणं. मी एका गुत्तेदाराकडे मोबाइल टॉवरच्या कामावर सुपरवायझर होतो आणि मामा आमच्या टोळीतले सगळ्यात वयस्कर चढणारे. पहिल्याच दिवशी मी विचारलं, काय ऐकता? म्हणाले, "गंजलेलं लोखंड बद्द वाजतं, सायब. मेंढरू खोकलं की माझा बाप दुरून वळखायचा. तसंच हाये हे."

मामा धावडा गावचे. लहानपण मेंढरांमागे गेलेलं. पुढे टॉवरच्या कामाने त्यांना आधी टांझानियाला नेलं, मग ओमानला. जेवणाच्या सुट्टीत तिकडच्या गोष्टी निघत. टांझानियातल्या एका गावात लोक साध्या बटणाच्या फोनवरूनच पैशांचे सगळे व्यवहार करायचे, म्हणून जुनं नेटवर्क तसंच ठेवून नव्यासाठी शेजारी दुसरा टॉवर उभा केला होता. ओमानात फाइव्ह-जी आलं तेव्हा इंजिनिअर आधी टॉवरची ताकद मोजत, जुनं ओझं उतरवत. वारा वाढला की काम बंद. सांगून झालं की मामा म्हणत, "मुलूख कोणता बी असू द्या, वारा तोच."

आमच्याकडे सगळी घाई होती. फाइव्ह-जीचे जड अँटेना आहे त्याच टॉवरवर चढत होते, जुने न काढता.

घनसावंगीजवळच्या एका गावात उसाच्या कडेला असाच एक टॉवर होता. त्याच्या कुंपणाला लागून दोन मजूर कुटुंबांची पत्र्याची घरं. मामांनी ठोकून पाहिलं, खाली बसून माती उकरली आणि मला बोट लावायला सांगितलं. पायाच्या बोल्टवरचा गंजाचा पापुद्रा माझ्या हातात आला. मी गुत्तेदाराला फोन केला. तो म्हणाला, तारीख ठरलीय, तपासणीच्या कागदावर सही करून टाक.

मामांनी कमरेचा पट्टा सोडून खाली ठेवला. "मी चढणार न्हाई. अन् तुमी बी कुणाला चढवू नका."

नोकरी जाईल या भीतीने मी सही केली. मामांचं काम सुटलं. दुसऱ्या टोळीने चार दिवसांत अँटेना बसवले आणि काहीच झालं नाही. गावात व्हिडिओ झरझर चालू लागले. लोक मामांना हसू लागले, आणि मलाही वाटू लागलं की म्हाताऱ्याचा कान चुकला असेल.

मामा मात्र दर आठवड्याला धावड्याहून बस बदलत त्या गावात जात. कुंपणालगतच्या घरातल्या गंगूबाईला घर हलव म्हणून सांगत. ती वैतागायची. शेवटी ती राजी झाली, तेव्हा मामांनी स्वतःच्या हाताने पत्रे उतरवले आणि दोन्ही घरं गावाच्या पलीकडच्या टोकाला उभी करून दिली.

वैशाखात एका दुपारी वादळ सुटलं. पाऊस नव्हता, नुसता वारा. आधी बराच वेळ करकर ऐकू येत होती, असं गंगूबाई मला नंतर म्हणाली. मग टॉवर मुळापासून उन्मळून पडला. कोणी मेलं नाही. घरांच्या रिकाम्या जागेवर तिची जुनी चूल तेवढी राहिली होती, ती जमिनीत गाडली गेली.

दुसऱ्या दिवशी मी मामांकडे गेलो. ते एका शब्दाने रागावले नाहीत. असेच गंजलेले सात टॉवर त्यांनी गावांच्या नावांसकट सांगितले आणि मला अर्ज लिहायला लावला. खाली नाव कोणाचं घालू, म्हणून मी विचारलं.

"तुमचं," मामा म्हणाले. "त्या कागदावर सही तुमची व्हती."

मी आधीच्या खोट्या सहीसकट सगळं लिहिलं आणि कलेक्टर कचेरीत अर्ज दिला. माझी नोकरी गेली. मामांना तर इथे कोणी उभं करीना, म्हणून पन्नाशी उलटल्यावर ते पुन्हा ओमानला गेले. तिथेच उन्हाळ्यात कामावर असताना छातीत कळ येऊन वारले. ती बातमी त्यांच्या सोबत्याने मला फोनवर दिली.

सातांपैकी दोन टॉवर दुरुस्त झाले. राहिलेल्यांपैकी मंठ्याकडचा एक शाळेच्या मैदानाला लागून आहे. परवा मी तिथे गेलो आणि मुलांची प्रार्थना दुसरीकडे घ्या म्हणून मुख्याध्यापकांना विनवलं. ते समजुतीने हसले, रेंज किती छान येते ते फोन काढून मला दाखवलं आणि घंटा द्यायला सांगितली. मुलं रांगेने बाहेर आली आणि टॉवरच्या सावलीत उभी राहिली.