बरोबरी नको म्हणणारी मुलगी

खुलताबादहून आलेली ती मुलगी दहाएक वर्षांची असेल. संभाजीनगरातल्या खुल्या बुद्धिबळ स्पर्धेत शेवटच्या फेरीत ती माझ्यासमोर आली. पट नीट दिसावा म्हणून ती खुर्चीवर गुडघे टेकून बसली होती. घाईनं मोहरा उचलला जाऊ नये म्हणून विचार करताना दोन्ही हात पाठीमागं धरायची.

तासाभरात माझा राजा अडचणीत आला. बरोबरी झाली असती तरी लहान गटाचा चषक तिलाच मिळणार होता. मी हळूच बरोबरी सुचवली.

तिनं पटाकडं बघितलं आणि मान हलवली. "नाय काका. अजून लई खेळ हाय यात."

पुढं चढाईच्या भरात तिनं हत्ती गमावला आणि ती हरली. हात मिळवताना तिचे डोळे भरले होते. दाराशी तिचे अब्बा उभे होते. आता ही त्यांच्याकडं धावणार, असं मला वाटलं. पण तिनं नाक पुसलं आणि हत्ती जाण्याआधी होते तसे मोहरे पुन्हा मांडले.

"माझं कुठं चुकलं, बघू या ना."

आम्ही दोघंही शोधू लागलो. मला काही सापडेना. अचानक तिनं वजीर मागं, पार कोपऱ्यात नेला, आणि माझ्या राजाला पळायला जागाच उरली नाही.

"अब्बा!" ती ओरडली. "मैं जीतरी थी!"

तिकडं चषक वाटले जात होते. ती मात्र अब्बांना ओढत पटाशी घेऊन आली. हरल्यावर एवढं आनंदलेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.