साडूंचा निळा भुईनळा

कायद्याचा मनापासून आदर करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि मनापासून कायदा मोडणारीही. पण ही दोन्ही कामं एकाच वेळी, एकाच गच्चीवर आणि सारख्याच निष्ठेने करणारा माणूस धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत मिळून एकच झाला असावा, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, तिचे हे यजमान. मूळचे जळगावजवळच्या असोद्याचे, राहायला धुळ्यात, आणि व्यवसायाने विमा एजंट. दिवसभर बाजारपेठेत हिंडून दुकानदारांना आगीची भीती घालायची आणि संध्याकाळी घरी येऊन गच्चीवर शोभेची दारू बनवायची, असा त्यांचा दिनक्रम. यात काही विसंगती आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. "ज्याचा विमा विकायचा त्याचा अभ्यास नको का?" असं ते विचारत, आणि विचारताना त्यांच्या अंगाला गंधकाचा असा वास येत असे की पुढचा माणूस वाद न घालता सही करून मोकळा होई.

त्यांच्यासमोर फटाका हा शब्द काढायची सोय नव्हती. आवाज करणारी दारू ही बेअकली माणसांची करमणूक आहे, असं त्यांचं ठाम मत. त्यांचा जीव भुईनळ्यावर, ज्याला बाजारात अनार म्हणतात. दिवाळीत ते गच्चीवर खुर्ची टाकून बसत आणि अख्ख्या कॉलनीची दारू गाण्याच्या स्पर्धेला बसलेल्या परीक्षकासारखी ऐकून, म्हणजे पाहून घेत. "चढ चांगला होता, पण फुलताना घाबरला," असा शेरा मारून पुढच्या रॉकेटकडे वळत. एकदा जामनेरला एका गिऱ्हाइकाच्या मुलाच्या लग्नात वरातीपुढे अनार लावणारा माणूस तोंडात विडी धरून काम करतोय हे त्यांनी पाहिलं. त्यांनी वरात थांबवली, बँड थांबवला, त्या माणसाची विडी विझवली आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्याला सुरक्षिततेचे नियम समजावून सांगितले. नवरदेव घोड्यावर ताटकळला, घोडा आणखी ताटकळला, आणि मुलीकडच्यांना वाटलं की मुलाकडचे ऐनवेळी काहीतरी मागतायत.

कारण सावधगिरीच्या बाबतीत साडू फार काटेकोर होते. फक्त ती सावधगिरी इतरांनी सोसायची असे. त्यांच्या गच्चीवर सुती कपड्यांशिवाय प्रवेश नव्हता. मी जळगावहून टेरीकॉटची पँट घालून गेलो की पहिल्या पायरीवरच ती उतरवून घेतली जाई आणि मी त्यांच्या लुंगीत पाहुणचार घेई. मोबाइल खाली तांदळाच्या डब्यात ठेवावा लागे. अक्का जिन्यात पाण्याची बादली घेऊन उभी राही आणि पेटवायची वेळ आली की बादली तिथेच ठेवून, डोळे मिटून आत निघून जाई. एकदा तिच्या मिक्सरचं चटणीचं भांडं कोळसा वाटण्यासाठी वर गेलं आणि धुऊन परत आलं, असं सांगण्यात आलं. त्या आठवड्यात आम्ही खाल्लेली शेंगदाण्याची चटणी राखेच्या रंगाची होती. त्यातच एका प्रयोगात साडूंची डावी भुवई गेली. दुसऱ्या दिवशी एका कापड दुकानदाराकडे जायचं होतं म्हणून ते अक्काच्या काजळाने भुवई काढून गेले. उन्हाने ती गालापर्यंत उतरली. दुकानदार बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "भाऊ, पॉलिसी आगीची आहे ना? मग मला दोन द्या."

या सगळ्या खटाटोपाला एक कारण होतं, आणि ते मला पटत असे, हीच माझी अडचण होती. चौदा एप्रिलला असोद्यात मिरवणूक निघते. त्या दिवशी आमच्या वस्तीवर जो निळा रंग चढतो तो ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळायचा नाही. झेंडे निळे, फेटे निळे, बायकांच्या साड्या निळ्या, गुलालसुद्धा निळा. आणि चौकात आतषबाजी सुरू झाली की आभाळ मात्र लाल, हिरवं, पिवळं. साडूंना हे लहानपणापासून खुपत होतं. बाजारात निळा म्हणून मिळणारा माल पेटवला की कधी पांढरा निघे, कधी जांभळट. दारूकामात सगळ्यात अवघड रंग निळाच, ज्योत जरा जास्त तापली की तो उडून जातो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून ते दुसऱ्या कामाचे राहिले नाहीत. "वर्षातून एक दिवस आपला," ते एकदा म्हणाले, "आणि त्या दिवशीही आभाळ दुसऱ्याच्या रंगाचं." मला एरवी त्यांच्या प्रत्येक वाक्यावर काहीतरी खवचट सुचतं. त्या वाक्यावर मी पुढच्या प्रयोगाला कधी येऊ, एवढंच विचारलं.

रंग ठरवण्यासाठी मला जळगावहून निःपक्षपाती परीक्षक म्हणून बोलावलं जाई. भुईनळा विझला की अंधारात प्रश्न येई, "कोणता दिसला?" मी एकदा खरं सांगितलं, राखाडी. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही. पुढच्या वेळी मी धीर करून म्हटलं, "वांग्यासारखा." साडू गंभीरपणे म्हणाले, "भरताचं वांगं की भाजीचं?" आमच्याकडे भरताचं वांगं हिरवं असतं, त्यामुळे प्रश्न रास्त होता. मी भाजीचं म्हटलं आणि त्यांनी समाधानाने मान हलवली. हिरव्यापेक्षा जांभळा निळ्याच्या जवळ, अशी आमची प्रगती चालली होती.

ही प्रगती एका उन्हाळ्यात शेजारच्या गच्चीवर जाऊन पोचली. तिथे नाना राहत, निवृत्त कंडक्टर, अत्यंत शांत माणूस. त्यांच्या घरच्या कुरडया जुन्या लुगड्यावर वाळत घातल्या होत्या आणि बाजूला नानांची बाज होती. त्या संध्याकाळी साडूंचा भुईनळा वर फुलण्याऐवजी आडवा झाला आणि त्याने थेट नानांच्या गच्चीकडे तोंड केलं. लुगडं पेटलं, कुरडया पेटल्या, बाजेच्या सुंभाने पेट घेतला. नाना पाणी प्यायला म्हणून नुकतेच उठून आत गेले होते. साडू बादली घेऊन कठड्यावरून पलीकडे उतरले आणि त्यांनीच आग विझवली. नाना परत येऊन त्या जळक्या बाजेकडे पाहत उभे राहिले. "भाऊ, कुरडया बठ्ठ्या गयात, त्यानं काही नही," ते म्हणाले. "पन मी आठेच बसेल व्हतू ना." बाजेवरच्या आपल्या जागेकडे बोट दाखवत एवढं बोलून त्यांनी चपला घातल्या, शांतपणे पोलीस ठाण्यात गेले आणि तक्रार दिली. साडूंनी त्यांना अडवलं नाही. रस्ता ओलांडेपर्यंत बॅटरी दाखवली.

फौजदार आले तेव्हा साडूंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि वर जाणाऱ्या शिपायांना बूट आणि मोबाइल खाली ठेवायला लावले. "परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहे, माहीत आहे ना?" फौजदारांनी विचारलं.

"माहीत आहे," साडू म्हणाले. "बनवणं हा एक, आणि राहत्या घरात साठवणं हा दुसरा. तुम्ही एकच लिहिताय."

फौजदारांनी दुसराही लिहिला. असा आरोपी त्यांना पूर्वी मिळाला नसावा, कारण जाताना त्यांनी साडूंशी हस्तांदोलन केलं. कोर्टातही तेच. गुन्हा कबूल आहे का, असं विचारल्यावर साडू हात जोडून म्हणाले, "कबूल आहे. फक्त आरोपपत्रात फटाके असं लिहिलंय, तेवढं दुरुस्त व्हावं. तो भुईनळा होता. फटाका आवाज करतो." त्यांच्या वकिलाने कपाळाला हात लावला. दंड झाला, सगळं सामान जप्त होऊन नष्ट झालं, आणि पुन्हा असं घडलं तर तुरुंगात जावं लागेल अशी समज मिळाली. घरी आल्यावर साडू नानांकडे नवी बाज घेऊन गेले आणि त्यांच्यासमोर बराच वेळ मान खाली घालून बसले. अक्काने रात्रीचं जेवण वाढताना एकच वाक्य म्हटलं, "जगायचं तर दोघांनी मिळून, असं ठरलं होतं. मरायचं काही ठरलं नव्हतं." साडूंनी ताटावर हात ठेवून शब्द दिला की यापुढे जे होईल ते परवान्याने होईल.

आणि मग जे सुरू झालं ते गच्चीवरच्या प्रयोगांपेक्षा जास्त धोकादायक होतं, कारण त्यात सरकारी कार्यालयं होती. पहिल्याच टेबलावर कारकुनाने विचारलं, "धंदा कोणता?" साडू म्हणाले, "धंदा नाही, हौस आहे." कारकुनाने पेन खाली ठेवलं. "हौशीला परवाना नसतो," तो म्हणाला. "कारखान्याला असतो, दुकानाला असतो." साडू म्हणाले, ठीक आहे, कारखाना काढतो. मग कळलं की कारखान्याला वस्तीपासून लांब जमीन लागते, वेगळ्या शेड लागतात, शेडमध्ये ठरलेलं अंतर लागतं, भिंती लागतात, कुंपण लागतं, आणि हे सगळं उभं केल्यावर पाहणीला अधिकारी लागतो. असोद्याला त्यांच्या वाट्याचा जमिनीचा तुकडा होता, पण त्यावरून विजेच्या तारा गेल्या होत्या आणि चुलत भावाची केळी अगदी बांधाला टेकली होती. भावाने सांगितलं, केळीला ऊन सोसतं, दारू सोसायची नाही. सोनगीरकडे एक खडकाळ माळ पाहिला, तर तो हायवेच्या फार जवळ निघाला. प्रत्येक फेरीनंतर साडू आमच्याकडे येत आणि नवी अट मला अशा कौतुकाने सांगत, की जणू ती त्यांनीच घातली होती. "नियम चुकीचा नाही," ते म्हणत. "नाना बसले होते ना तिथे." एका भुईनळ्यासाठी एक कारखाना, ही मागणी त्यांना कधीच अवास्तव वाटली नाही. फक्त कारखाना परवडत नव्हता.

शेवटी त्यांनी एक असा मार्ग काढला जो फक्त त्यांनाच सुचू शकतो. जामनेरच्या बाजूला एका म्हाताऱ्या आबांचा परवान्याचा छोटा कारखाना होता, जत्रांना शोभेची दारू पुरवणारा. साडू तिथे कामगार म्हणून लागले. पन्नाशी उलटलेला, टाय लावून हिंडणारा विमा एजंट दर रविवारी धुळ्याहून बस पकडून जामनेरला जाई आणि हजेरी लावून कागदाच्या नळ्या गुंडाळत बसे. आबांना हे प्रकरण झेपत नव्हतं. "भाऊ, तुम्ही विमा करू राह्यले तेच बरं होतं," ते म्हणत. पण हळूहळू त्यांनाही तो निळा रंग चावला असावा. दोन दिवाळ्या गेल्या. जांभळा उजळत गेला, मग मधूनच निळा होऊन पुन्हा पांढरा पडे, आणि रविवार संपे. मग एका रविवारी साडूंचा फोन आला. फोनवर ते काही बोलले नाहीत, नुसता श्वास ऐकू येत होता. मागून आबांचा आवाज आला, "सांगा ना आता त्याहिले."

आबांनी त्या निळ्याचा एकच भुईनळा नीट भरून त्यांना दिला, मोठा, मातीच्या कुंड्याएवढा. एका भुईनळ्यासाठी साडूंनी पोलिसांची परवानगी काढली, अग्निशमनची काढली, गावची काढली. चौदा एप्रिलला असोद्याच्या मैदानात दोरी बांधून भलं मोठं रिंगण आखलं. आत फक्त साडू, पांढऱ्या सुती सदऱ्यात. मिरवणूक मैदानात आली, डीजे थांबवण्यात आला, आणि त्यांनी वाकून वात पेटवली.

तो निळा होता. वांग्याचा नाही, राखेचा नाही, झेंड्याचा निळा. माणसाला वर पाहून श्वास सोडायला जेवढा वेळ लागतो तेवढाच तो टिकला, आणि मैदान पुन्हा अंधारात गेलं. लोक शांतपणे उभे राहिले. कुणालाच कळलं नाही की संपलं. सगळ्यांना वाटलं की आता सुरू होणार. माझ्या बाजूच्या एका गृहस्थाने विचारलंही, "कधी आहे हो कार्यक्रम?" मग डीजे सुरू झाला आणि मिरवणूक पुढे गेली. अक्का माझ्या शेजारी उभी होती. या खेपेला तिने डोळे मिटले नव्हते. दोरीखालून वाकून ती आत गेली आणि साडूंना म्हणाली, "आणखी एक लावा ना."

"एकाचीच परवानगी होती," साडू म्हणाले. "पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षापर्यंत आबा थांबले नाहीत. म्हणजे आबा आहेत, पण हात थरथरायला लागले, मुलं पुण्याला नोकरीत, कारखान्यात कुणाला रस नव्हता. त्यांनी परवाना परत केला आणि शेडला कुलूप घातलं. साडूंनी दुसरीकडे चौकशी केली, कुणी कामगार म्हणून घेतलं नाही. आता ते अत्यंत सभ्य गृहस्थ झाले आहेत. त्यांच्याकडे गेलं की गच्चीवर अक्काच्या कुरडया वाळत असतात, जिन्यात पँट उतरवावी लागत नाही, चटणी चटणीच्या रंगाची असते. बरं झालं, असं आम्ही सगळेच म्हणतो, आणि कुरडयांकडे पाहत चहा पितो.

यंदाही आम्ही असोद्याला होतो. चौकात नेहमीप्रमाणे आतषबाजी झाली, लाल, हिरवी, सोनेरी, भरपूर वेळ चालली. साडू हाताची घडी घालून पाहत होते. त्यांनी एकावरही शेरा मारला नाही. शेवटचा अनार विझत आला तेव्हा अक्का त्यांच्याकडे जरा झुकून म्हणाली, "तुमचा याहून जास्त वेळ टिकला होता."

साडूंनी तिच्याकडे पाहिलं, दुरुस्ती करायला तोंड उघडलं, आणि मग नुसती होकारार्थी मान हलवली.