मास्टर आम्पोन्साचा कान

मोटारीची काच अडकली की घानातल्या कुमासी शहरात, सुआमे मॅगझीन नावाच्या गॅरेजांच्या वस्तीत एकच नाव निघायचं, मास्टर आम्पोन्सा. पण माणूस आतून पार थकला होता. बसला की उठवत नसे, उठला की बसवत नसे. त्यात दोन वर्षं लपवलेलं एक दुखणं उरावर होतं. त्याला ऐकू येत नव्हतं.

बोलणं तो ओठांवरून ओळखायचा. पण मोटारीच्या दाराला कुठले ओठ? बटण दाबल्यावर आत घरघर झाली आणि काच हलली नाही, तर काच ओढणारी तार तुटलेली. नुसतं टक्क वाजलं, तर मोटर अडकलेली. चिडीचूप असेल तर वीजच पोचत नाही. मास्टर दाराला कान लावायचा आणि हळूच बायकोच्या हाताकडे बघायचा. पोकुआ शेजारीच चवळी-भात विकत बसायची. घरघर झाली की एक बोट, टक्क झालं की दोन, काहीच नाही तर मूठ. असा संसार चालला होता!

आता लेक तिकडे आक्रा शहरात बाळंत व्हायची होती. पोकुआ उद्याच्या गाडीने निघणार, ती नातवंड रांगायला लागेपर्यंत काही परतत नाही.

"माझ्यामागे कसं करणार हो?" तिने सकाळपासून चारदा विचारलं.

"बघू," मास्टर म्हणाला. दुसरं म्हणणार काय, कपाळ!

तेवढ्यात डोन्कोर टॅक्सी घेऊन आला. "मास्टर, काच खाली गेली ती वर यायचं नाव घेत नाही. धूळ खाऊन खाऊन गिऱ्हाईकं मला शिव्या घालतात."

मास्टरने कान लावला, बटण दाबलं आणि पोकुआकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात मांडीवर. त्याने डोळे वटारले. हात हलले नाहीत.

"आज नाही सांगायची," ती म्हणाली. "डोन्कोरलाच विचारा. उद्यापासून गिऱ्हाईकालाच विचारायचंय ना?"

मास्टरला राग काढायला समोर सुलेमाना सापडला. पत्रे ठोकणारा हा शेजारी हातोडा धरून नुसता उभा होता.

"तू काय तमाशा बघतोस रे? ठोक की तुझा पत्रा!"

"ठोकू?" सुलेमाना म्हणाला. "अरे बाबा, दोन वर्षं झाली, तू दाराला कान लावलास की आम्ही हात थांबवतो. नाहीतर वहिनीला ऐकू कसं येणार?"

मास्टरने वळून पाहिलं. अख्ख्या रांगेतले हातोडे थांबलेले होते. कुणी त्याला हसत नव्हतं. त्याला भडभडून आलं. एवढी शांतता लोक रोज त्याच्यासाठी करत होते, आणि तीही त्याला कधी ऐकू आली नव्हती.

त्याने बाहीने तोंड पुसलं.

"डोन्कोर, मला ऐकू येत नाही रे. तू लाव कान."

डोन्कोर वाकला. मास्टरने बटण दाबलं.

"घरघरतंय, मास्टर."

"मग तार गेलीय," मास्टर म्हणाला आणि दाराचे स्क्रू काढायला बसला. पलीकडे सुलेमानाचा हातोडा पुन्हा वर गेलेला त्याला दिसला.